चार नंबरचं बीळ

१

मे महिन्याच्या नऊ तारखेला, मंगळवारी सकाळी दहा वाजता, चार नंबरच्या नळीतून थर्मामीटर वर ओढला तर पारा सदतीसवर होता.

बाकी सगळं रोजच्यासारखंच होतं. फेब्रुवारीच्या शेवटी मालकांच्या घरात भावाभावांत फाटलं आणि वापीजवळ, खेरडी रस्त्यावरचं आमचं कोल्ड स्टोरेज बंद पडलं. आंब्याच्या रसाचे गोठवलेले ड्रम ट्रकांत भरून गेले, कॉम्प्रेसर थांबला, माणसं इकडच्या तिकडच्या कारखान्यांत पांगली. राहिलो तिघं. मॅनेजर किकूभाई, ते एक दिवसाआड तासभर येत. भिका मुकादम, तो आता वॉचमन झाला होता. आणि मी, केतकी, टाइमकीपर, जिला आता कुणाचाच टाइम ठेवायचा नव्हता. जागा घेणाऱ्या पार्टीच्या इंजिनियरना खालच्या जमिनीचं तापमान रोज हवं होतं. आपली केतकीबेन बी.एस्सी. आहे, ती घेईल, असं किकूभाई म्हणाले. चार वर्षांत माझी डिग्री त्यांना तेव्हा पहिल्यांदा आठवली.

मोठ्या थंड खोलीच्या फरशीत पाच नळ्या होत्या, थेट खालच्या मातीपर्यंत गेलेल्या. प्रत्येकीत दोरीला बांधलेला एक थर्मामीटर. वर येईपर्यंत आकडा हलू नये म्हणून त्याच्या बुडाला मेण थापलेलं. सकाळी दहाला आणि संध्याकाळी सहाला ओढायचा, आकडा लिहायचा, परत सोडायचा. दोन महिने पाचही नळ्यांत एकच आकडा होता, शून्य.

त्या दिवशीही एक, दोन, तीन आणि पाचमध्ये शून्यच होतं. चारमध्ये सदतीस. वरची ऊब खाली उतरली म्हणावं, तर खोलीची हवाच एकतीस होती. मी पाच नंबरचा थर्मामीटर सोडवून चारात सोडला आणि अर्धा तास घड्याळाकडे बघत उभी राहिले. सदतीस. चारचा पाचात सोडला. शून्य.

मी पहिल्यापासून दचकी. घरी कुकरची शिट्टी झाली तरी हातातलं भांडं पडतं आणि बाबा म्हणतात, झालं, आमच्या घरातला भोंगा वाजला. त्यामुळे माझ्या घाबरण्यावर माझाच विश्वास नाही. मी रजिस्टर उघडलं आणि चार नंबरसमोर शून्य लिहिलं. रोज शून्य असतं, म्हणजे आजही शून्यच असणार. माझा हात आहेच असा. त्याच्याबद्दल सांगायचं आहेच, पण अजून नाही.

२

त्या शून्याचं आधी सांगायला हवं.

ती खोली उणे वीस अंशांवर नऊ वर्षं रात्रंदिवस चालली. एवढी थंडी हळूहळू खाली उतरते. म्हणून ज्यानं कुणी इमारत बांधली त्यानं फरशी जमिनीला टेकवलीच नव्हती. बुटक्या भिंतींवर उचलली होती. खाली दोन-अडीच फुटांची पोकळी, आणि बाहेरच्या भिंतीच्या तळाशी पाच चौकोनी झरोके. बाहेरची गरम हवा त्या पोकळीतून खेळावी, माती गोठू नये, एवढ्याचसाठी.

हे आमच्याकडे कुणालाच माहीत नव्हतं. कामगार त्या झरोक्यांना बिळं म्हणायचे. ऐन चैत्रात कॉम्प्रेसर धापा टाकायचा आणि बिळांजवळ उभं राहिलं की पायांना गारवा लागायचा. खानदेशातली माणसं ती. गावाकडे धान्य भरलं की कणगीचं तोंड लिंपून टाकतात. आत ठेवायची वस्तू बाहेर जाताना दिसली की त्यांचे हात शिवशिवतात. मग भिका मुकादम दर चैत्रात एक दिवस ठरवून चार माणसं घ्यायचा आणि संध्याकाळी काम सुटल्यावर विटा-सिमेंटनं बिळं बुजवायचा. दिवाळीच्या सुमाराला परत उघडायचा. किकूभाई खूश. मी पदार्थविज्ञान शिकलेली, मलाही ते पटलं होतं.

अशानं खालची माती गोठली. पावसाचं पाणी पोकळीत शिरलं, तेही गोठलं. दर वर्षी बर्फ थोडा वर चढला आणि फरशी फुगली. मी नोकरीला लागले त्या वर्षी, म्हणजे एक्याण्णव साली, उभा ठेवलेला रिकामा ड्रम आपोआप कलंडून दाराकडे गडगडत यायचा. सगळे हसायचे.

शाळेत भूगोलाला नलिनीबाई होत्या. उत्तरेकडे शेकडो मैल जमीन हजारो वर्षं गोठलेली आहे, असं त्यांनी शिकवलं होतं. अख्खे हत्तीसारखे प्राणी त्यात केसांसकट तसेच राहिलेत. एका मुलीनं विचारलं, बाई, आता जग तापतंय म्हणतात, मग ते वितळणार का? बाई म्हणाल्या, वितळणार, पण हवा तापली की लगेच नाही. ऊब खाली पोचायला वर्षं लागतात. आणि एकदा पोचली की मग वरची हवा पुन्हा गार केलीत तरी खालचं थांबत नाही. जे मेलेलं झाडपान त्यात अडकलंय ते कुजायला लागतं, कुजताना तापतं, वायू सोडतं, आणि जमीन स्वतःच स्वतःला वितळवते.

बर्फ वितळत असताना पारा शून्यावरच बसून राहतो. शेवटचा तुकडा वितळेपर्यंत जागचा हलत नाही. वरून पाहणाऱ्याला वाटतं काहीच होत नाहीये.

३

कमळाबाई दर मंगळवारी यायची. जवळच्या रांधा गावी सूतगिरणीत होती आणि मंगळवार तिच्या सुट्टीचा. गेटपाशी चपला काढायची. किती वेळा सांगितलं की इथे काढायला नको, तरी काढायची. ऑफिसच्या दारात उभी राहून विचारायची, “ताई, त्यासनी चिठ्ठी उनी का?” त्यांची चिठ्ठी आली का.

तिचा नवरा चिंधा आमच्याकडे लोडर होता. चिंधा कारभारी अहिरे, साक्रीकडचा, माझ्या हजेरीच्या वहीत बावीस नंबर. अंगानं काडी, पण ड्रम एकटा फिरवायचा. ड्रमच्या झाकणाला दोरी त्यानंच बांधायची असा नियम होता, कारण त्याची गाठ सुटत नसे. गावाकडे कापसाच्या गाठोड्याला मारतात तशी, दुहेरी पिळाची, टोक उलटं आत खोचलेलं. मी कितीदा शिकायचा प्रयत्न केला, मला जमली नाही.

सकाळी मी नावं पुकारायची. कुणी हाजर म्हणे, कुणी यस मॅडम. चिंधा एकटाच त्याच्या अहिराणीत म्हणायचा, “आठेच शे, ताई.” इथेच आहे. रोज सगळे हसायचे, आणि भिका म्हणायचा, आठे नही ते कोठे जाशी रे?

एक्याण्णवच्या एप्रिलमध्ये, बारा तारखेला, तो कामावर आला आणि घरी गेला नाही. किकूभाईंनी सांगितलं की सुरतला पळाला असेल, हे लोक जातातच. कमळाबाईनं तक्रार दिली. चौकशीला आलेल्या हवालदारानं माझं रजिस्टर पाहिलं. चिंधा अहिरे, आउट, सहा वाजता. म्हणजे कारखान्यातून गेला. पुढे कुठे गेला त्याला कारखाना काय करणार? त्यानं ते उतरवून घेतलं आणि गेला.

चार वर्षं ती येत होती. त्या मंगळवारी, सदतीसच्या दिवशी, ती नेहमीसारखं विचारून परत वळली नाही. गेटवर भिकाकडून तिनं ऐकलं होतं की नवी पार्टी फरशीला वरून भोकं पाडून खालची सगळी पोकळी काँक्रीटनं भरणार आहे. जूनच्या दहा तारखेच्या आत, पाऊस लागायच्या आधी.

ती म्हणाली, “कुंकू लावू का पुसू, इतलंच कोणी तरी सांगा ना, ताई.”

मी म्हटलं, मालकांना फोन करते. तिनं मान हलवली. हे मी तिला आधीही कितीतरी वेळा म्हटलं होतं.

४

जमीन वितळताना आवाज करते, हे कुठल्या पुस्तकात नाही.

आधी दार. थंड खोलीचं ते जाड दार फरशी फुगल्यापासून अडकायचं, दोन माणसं लागायची ओढायला. मेच्या मध्यावर ते सैल झालं. मी आत असताना आपणहून उघडायचं, बोटभर, मग हातभर, आणि थांबायचं. फरशी बसत चालली होती, एवढंच. मग कोपऱ्यातल्या खांबाला भेग पडली. मी रोज तिच्या टोकाशी पेन्सिलनं तारीख घालायचे, आणि दुसऱ्या दिवशी ती तारखेच्या पुढे गेलेली असायची. दोन नंबरच्या नळीतून बुडबुड्यांचा आवाज यायला लागला, हळू, मध्ये थांबून, कुणी पाणी तोंडात घोळवावं तसा. आंबूस वास यायचा. नलिनीबाईंचा वायू, मी स्वतःला सांगितलं. सगळ्याला कारण होतं.

सदतीसलाही मी कारण शोधलं होतं. शेणखताचा खड्डा आतून तापतोच की. खाली कुठेतरी काही कुजत असेल. मला कळत होतं की हे कारण बरं नाही, पण कारण होतं. फक्त कुजणारी वस्तू आज तीस, उद्या चाळीस, परवा चौतीस अशी असते. हा पारा चौदा दिवस सकाळ-संध्याकाळ सदतीसवर होता. तापही नाही, गारही नाही, धडधाकट माणसाच्या अंगाइतका.

आणि मी चौदा दिवस शून्य लिहिलं.

तेवीस तारखेला संध्याकाळी सहाला मी चार नंबरची दोरी ओढली. थर्मामीटर वर आला. सदतीस. तो पुसायला हातात घेतला आणि तसाच धरून राहिले. सकाळी मी तो साध्या फुलगाठीनं बांधला होता, मी वेणीला रिबीन बांधते तशी. आता तिथे दुहेरी पिळाची गाठ होती, टोक उलटं आत खोचलेलं. दोरी ओली होती आणि गरम होती.

मी ओरडले नाही. याचं मला अजून आश्चर्य वाटतं. मी थर्मामीटर तसाच पर्समध्ये टाकला, खोलीला कुलूप लावलं आणि गेटवर जाऊन भिकाला विचारलं, आज आत गेला होतास का? त्याच्याकडे दुसरी किल्ली असायची. ती गाठ त्यालाही येत असणार, एकाच भागातली माणसं. मला फार वाटत होतं की त्यानं हो म्हणावं.

तो म्हणाला, मॅडम, मी त्या खोलीत चार साल झाले पाय नाही ठेवला. आणि माझ्या पर्सकडे बघून तोंड फिरवलं. पर्स बंद होती.

५

दुसऱ्या दिवशी मी खरा आकडा लिहिला आणि रजिस्टर किकूभाईंसमोर ठेवलं.

त्यांनी चष्मा वर केला. काल शून्य, आज सदतीस? मी सांगितलं की काल पण सदतीसच होतं, चौदा दिवस होतं, मी चुकीचं लिहिलं. ते हसले. त्यांना राग येत नसे, तेच जास्त वाईट होतं. ते म्हणाले, “केतकीबेन, जमीन गरम झाली तर चांगलंच ने. आपल्याला काय खाली कुल्फी लावायची आहे?” मी म्हटलं, बिळं उघडून एकदा आत बघायला हवं. त्यांचं हसू तसंच राहिलं, फक्त चष्मा खाली आला. भणेली-शिकलेली छोकरी होऊन असं काय बोलते, म्हणाले. इंजिनियरनी तुझेच आकडे बघून सांगितलंय की जमीन अजून एकसारखी घट्ट आहे, आहे तोवरच भरून घेऊ. दहाची वाट नाही बघायची. सात तारखेला मशीन येईल.

माझेच आकडे. मी ऑफिसच्या मागे जाऊन नळ सोडला आणि नळाच्या आवाजात रडले, मग त्या रडण्याचाच इतका राग आला की तोंड न धुताच परत आले.

ऑफिसच्या फोनच्या तबकडीला किकूभाईंनी बारकं कुलूप घातलं होतं. म्हणून मी रोज घरी जाताना डोकमर्डीच्या नाक्यावर एस.टी.डी. बूथमध्ये शिरायचे. इंजिनियरच्या वापीच्या नंबरवर घंटी वाजायची. मी मोजायचे. वीस, बावीस, पंचवीस. मालकांच्या मुंबईच्या घरी नोकर उचलायचा आणि नाव ऐकल्यावर रिसिव्हर बाजूला ठेवून निघून जायचा. पंख्याचा आवाज यायचा, ताटवाट्यांचा, कुणीतरी कुणाला तरी भात वाढ म्हणत असायचं. मी काचेच्या खोक्यात उभी, समोर लाल आकडे पळतायत, आणि मी हॅलो, हॅलो करतेय. मी ओरडून सांगितलं एकदा, खाली माणूस आहे. बूथवाल्यानं काचेतून पाहिलं. पलीकडे कुणी चमचा खाली ठेवला, एवढंच.

बाबांना सांगितलं. बाबा इथल्या शाळेत अठरा वर्षं शिकवतायत, आम्ही मूळचे देवरुखकडचे. त्यांनी पेपर खाली ठेवून नीट ऐकलं. मग विचारलं, तुला नक्की काय माहीत आहे?

मी म्हटलं, काही नाही.

तेही खोटं होतं.

६

सहा जूनला मंगळवार होता. सकाळी मशीनचे पाइप येऊन पडले होते, माणसं उद्या येणार होती. कमळाबाई गेटवर चपला काढत होती. तिनं विचारायच्या आधीच मी तिला हाताला धरून बाकावर बसवलं आणि सांगितलं. भिका स्टुलावर बसला होता. त्यालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं.

त्या दिवशी, एक्याण्णवच्या बारा एप्रिलला, चार वाजता मी खिडकीतून पाहिलं होतं की किकूभाईंनी चिंधाला बॅटरी दिली आणि चार नंबरच्या बिळाकडे बोट दाखवलं. फरशी फार फुगली होती, आत बर्फ कुठवर आलाय ते बघायला बारीक माणूस हवा होता. चिंधानं चपला काढून भिंतीशी नीट ठेवल्या, टायरच्या, एकीचा अंगठा निळ्या नायलॉननं बांधलेला, आणि पोटावर सरपटत आत गेला. मग माझा चहा आला. मी खिडकीपासून वळले.

सकाळी मी एकेक नाव पुकारायचे. संध्याकाळी कोण पुकारणार? बेचाळीस माणसं, सगळ्यांना घाई, मला साडेसहाची एस.टी. पहिल्या नावासमोर सहा लिहायचे आणि तिथून खालपर्यंत एक उभी रेघ ओढायची. सगळे आउट. माझ्या आधीचा टाइमकीपर असंच करायचा, त्यानंच शिकवलं. बरेचदा पावणेसहालाच ओढून ठेवायचे. त्या दिवशीही ओढली होती. रेघ बावीस नंबरवरून सरळ खाली गेली.

त्याच दिवशी बिळं बुजवायची होती. भिका माझ्या खिडकीशी आला, हाताला सिमेंट. त्यानं विचारलं, मॅडम, बधे आउट ना? मी रजिस्टरकडे बघितलं. रेघ खालपर्यंत होती. मी म्हटलं, हो, सगळे आउट.

चपला तीन दिवस भिंतीशी होत्या. येता-जाता बेचाळीस माणसांनी पाहिल्या, मी पाहिल्या. बेचाळीस नव्हे, एकेचाळीस. चौथ्या दिवशी नव्हत्या. त्या दिवाळीला बिळं उघडली गेली नाहीत. किकूभाईंनी वरून प्लास्टर मारून घेतलं.

बोलून झालं. कमळाबाई माझ्याकडे बघत नव्हती. ती माझ्या हाताकडे बघत होती, उजव्या.

भिका स्टुलावरून म्हणाला, “मी इचारलं व्हतं, मॅडम. मी तुम्हाला इचारलं व्हतं.” चार वर्षं तोंडात धरलेलं वाक्य असावं तसं त्यानं ते दोनदा म्हटलं. मला त्याचाही राग आला. विचारलंस, मग चपला कुणी उचलल्या? पण मी ते बोलले नाही, कारण तो उठून शेडमध्ये गेला आणि पहार घेऊन आला. ती त्यानं माझ्या पायांशी ठेवली, गेटकडे तोंड करून परत बसला.

कमळाबाईनं पहार उचलली. मला वाटलं ती मला मारणार. मी हललेही नाही. ती म्हणाली, “कोनतं बीळ?”

७

उन्हाचे अकरा वाजले होते. भिंत इतकी तापली होती की हात टेकवत नव्हता. प्लास्टर सहज गळून पडलं, पापुद्रेच झाले होते. आतली पहिली वीट मात्र निघेना. कमळाबाई पहार मारत होती आणि मी हातांनी ओढत होते, नखं मोडली. माझं डोकं हिशेब लावतच होतं. चार वर्षं. पाणी आणि बर्फ. सदतीस म्हणजे कुजणं. गाठ म्हणजे भिका. दार म्हणजे फरशी. आत हाडं असतील, एक बॅटरी असेल. ते बघायचं, तिला सांगायचं, आणि मग हे रजिस्टर घेऊन चौकीवर जायचं, त्यात माझी रेघ आहे तिच्यासकट. एवढं ठरलेलं होतं. मला भीती वाटत नव्हती. राग असला की भीतीला जागा राहत नाही, हे त्या दिवशी कळलं.

वीट निघाली. मी ती उलटी केली.

आतल्या बाजूला सांध्यातलं सिमेंट नव्हतं. कुणीतरी ते खरवडून काढलं होतं, बारीक, चिकाटीनं, चारही बाजूंनी. एका कोपऱ्यात बॅटरीच्या काचेचा तुकडा रुतलेला होता. कमळाबाईनं वीट माझ्या हातातून घेतली, पदरानं पुसली आणि शेजारी ठेवली. दुसरी काढली. तीही तशीच. खालच्या एका विटेवर तेच खरवडणं होतं, पण त्याची भुकटी अजून ओली होती. पांढरी, ताजी.

भोक हातभर झालं तेव्हा आतून हवा आली. मी गार हवेसाठी डोळे मिटले होते. ती ऊबदार होती. थांबली. परत आली.

मी गुडघ्यांवर बसून आत पाहिलं. उन्हातून अंधारात बघताना आधी काही दिसत नाही. मग बर्फ दिसला, राखाडी, फरशीपर्यंत चढलेला, आणि त्यात एक पोकळी. वरून थेंब थेंब वितळलेली नव्हती. आतून वितळलेली होती, कडा गुळगुळीत, पोटावर सरपटणाऱ्या माणसाएवढी लांब. ती बिळापासून आत जात होती आणि वळत होती, आम्ही रोज उभे राहायचो त्या खोलीच्या मधोमध, नळ्यांच्या दिशेनं. वळणावर काहीतरी फिकट होतं, तळपाय असावेत तसं. मी डोळे मिचकावले. तिथे फक्त बर्फ होता.

हाडांना गाठी मारता येत नाहीत, हे माझ्या डोक्यानं तेव्हा पहिल्यांदा मान्य केलं.

मी मागे सरकले. कमळाबाई माझ्या शेजारी बसली होती, अगदी शांत. तिला म्हटलं, हाक मार. तिनं माझ्याकडे पाहिलं, चार वर्षांत पहिल्यांदा सरळ.

“मी नाव कसं लेऊ?” ती म्हणाली. “तुम्ही मारा. तुमनी वहीमा शे ना नाव.”

तक्रार लिहिताना सुद्धा नवऱ्याचं नाव शेजारणीनं सांगितलं होतं, ते मला आठवलं. आणि तिचं खरंच होतं. हे काम माझंच होतं, चार वर्षांपूर्वी संध्याकाळी सहा वाजताचं. गेटवर भिका उठून उभा राहिला होता, पाठ आमच्याकडेच. लांबून खेरडी रस्त्यावरून किकूभाईंची स्कूटर येताना ऐकू येत होती.

मी भोकाशी तोंड नेलं. सकाळी पुकारायचे तसं, वरच्या पट्टीत, पूर्ण नाव पुकारलं.

“चिंधा कारभारी अहिरे.”

हवा आत गेली. बाहेर आली नाही. आत कुठेतरी थेंब पडायचे थांबले. फोनच्या घंट्या मोजायची सवय लागलेली, मी मोजत होते. आठ, नऊ. स्कूटर गेटपाशी बंद झाली. चौदा. पंधरा. खालची जमीन उशिरा ऐकते, मी मनाशी म्हटलं, थांब, घाई करू नकोस, आज रेघ ओढायची नाही. एकवीस.

बावीसला कमळाबाईनं डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत पुढे ओढला, घरचं माणूस दारात आल्यावर ओढतात तसा. मला तेव्हा अजून काहीच ऐकू आलं नव्हतं.

मग आलं.

“आठेच शे, ताई.”